दारापासून खुर्चीपर्यंत

सोमवार, ६ जानेवारी

आजपासून माझी खोली तीच, टेबल तेच, पंखाही तोच कुरकुरणारा. पण पेशंट मात्र काचेत.

निवृत्तीनंतरही कॅन्सर विभागात सोमवार-बुधवार येऊ देतात, हे त्यांचे उपकार. त्यामुळे विभागप्रमुखांनी बोलावलं तेव्हा मी निमूट गेलो. प्रमुख म्हणजे माझाच विद्यार्थी. एके काळी स्टेथोस्कोप उलटा लावायचा, आता साहेब झाला आहे. म्हणाला, "सर, 'तीच गोळी चालू ठेवा' एवढं ऐकायला लांबचे पेशंट अख्खा दिवस मोडून येतात. त्यांना पडद्यावरच भेटायचं. सगळे घरबसल्या."

"घरबसले ते. मी तर इथंच येऊन बसायचं ना?" मी म्हटलं.

तो हसला. साहेब झाल्यापासून तो माझ्या विनोदांना अगदी वेळेवर हसतो. हे मला जरा खटकतं.

सिस्टरांनी यंत्र लावून दिलं. माझ्याबरोबर त्या इतकी वर्षं आहेत की मी खोकलो तरी त्यांना कळतं, चहा हवाय की फाइल. पहिला पेशंट पडद्यावर आला आणि आ वासून बघतच राहिला. काही विचारलं तरी बोलेना. शेवटी सिस्टर माझ्या खांद्यावरून वाकल्या.

"डॉक्टर, कॅमेरा फार वर झालाय. त्यांना तुमचं नुसतं टक्कल दिसतंय. वाटायचं, केमो तुम्हालाच चालू आहे."

प्रत्येक भेट संपली की पडद्यावर एक चौकट येते. 'या भेटीने डॉक्टर म्हणून आपण किती समाधानी आहात?' खाली पाच चेहरे. पहिला रडका, पाचवा दात दाखवणारा. जन्मभर मी लोकांना विचारत आलो, बरं वाटतंय का? मला कुणी विचारलं नव्हतं. अंमळ लाजून दिवसभर मधलाच चेहरा दाबत राहिलो.

बुधवार, ८ जानेवारी

माझ्या खोलीत पेशंटची खुर्ची दारापासून लांब, पार खिडकीशी असते. नवे लोक म्हणतात, म्हाताऱ्याला वाऱ्याची आवड. वाऱ्याचा काय संबंध? दारापासून खुर्चीपर्यंत पेशंट चालत येतो आणि अर्धी कहाणी त्याच्या तोंडाआधी त्याचे पाय सांगतात. माझ्या गुरुजींनी शिकवलेलं हे एकच निदान, ज्याला बिल लागत नाही.

पडद्यावर सगळे आधीच बसलेले! म्हणून आज प्रत्येकाला म्हटलं, "जरा चालून दाखवा."

पहिले गृहस्थ फोन हातात धरूनच चालले. मला त्यांचं छत, दिवा, कोळिष्टक आणि परत येताना एक नाकपुडी दिसली. दुसऱ्या आजी चालत गेल्या त्या परत आल्याच नाहीत. शेजारणीशी गप्पा मारत बसल्या म्हणे. तिसरा लोखंडी सामानाचा दुकानदार. तो गल्ल्यावरूनच बोलत होता.

"उलट्या होतात का?"

"नाही डॉक्टर. दोन इंची खिळे घ्या, तीन इंची वाकतात. भूक चांगली आहे. वाकले तर परत घेणार नाही हं."

मी आणि त्याचं गिऱ्हाईक, दोघांपैकी कुणाला कुणाचं उत्तर मिळालं, देव जाणे.

दुपारी प्रमुख आला. "सर, तुम्ही पेशंटना घरभर फिरवताय. बाहेर रांग लागलीय."

"रांग? पडद्यात?"

"पडद्यातच. चालणं राहू द्या, फक्त विचारा की चालता येतं का."

बरं, म्हटलं. विचारीन.

सोमवार, १३ जानेवारी

आजचा दिवस पाचव्या चेहऱ्याचा!

बाईंची भेट होती. बाई म्हणजे शाळेत भाषा शिकवून निवृत्त झालेल्या. स्तनाचा कॅन्सर हाडांत उतरलेला, पण गेली दोन वर्षं गोळ्यांनी धाकात ठेवलेला. पहिल्यांदा आल्या तेव्हा दारापासून खुर्चीपर्यंत अशा चालत आल्या, की पट्टी लावून रेघ मारावी. खुर्चीला हात लावून म्हणाल्या, "सवय नाही हो. वर्गातली खुर्ची मी फक्त छत्री टांगायला वापरली. बसून शिकवणं म्हणजे झोपून पोहणं."

दोन बस बदलून यायच्या बिचाऱ्या. आता तो त्रास वाचला. पडद्यावर उंच पाठीच्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या, गुडघ्यांवर शाल, पाठीशी गरम पाण्याची पिशवी. थंडीचे दिवसच आहेत. मी म्हणणार होतो, जरा चालून दाखवा. पण प्रमुखाची ताकीद आठवली. म्हटलं, "चालणं-फिरणं कसं आहे?"

तर बाई म्हणाल्या, "डॉक्टर, मागे मला तपासताना तुम्ही एक कविता गुणगुणत होता. पाऊलवाटेची. दोन ओळींवर अडलात."

माझ्या काळजालाच हात घातला! ती आमची चौथीची कविता. बाकावर मुठी आपटत आम्ही सगळे म्हणायचो:

डोंगरातली पाऊलवाट
किती वळण घे, किती घे थाट

पुढच्या दोन ओळी माझ्या हरवल्या त्या हरवल्याच. पुस्तक गेलं, शाळा गेली, बरोबर म्हणणारेही बरेचसे गेले. कुणाला विचारावं, तर लोक म्हणतात, सर, आराम करा.

"मला येतात पुढच्या ओळी," बाई म्हणाल्या. "तिसरी पुढच्या भेटीला सांगेन. एकदम दिल्या की मुलं विसरतात."

पाचवा चेहरा दाबला. दोनदा दाबता येत नाही, सिस्टर म्हणाल्या.

खरं तर बाईंना आता महिन्याने बोलवायचं. मी पंधरा दिवसांनी बोलावलं. तब्येतीवर लक्ष असलेलं बरं.

मंगळवार, १४ जानेवारी

आज सुट्टी. हिला बाईंबद्दल सांगितलं. ही मटार सोलत होती.

"म्हणजे पेशंट तुमची परीक्षा घेतेय आणि तुम्ही खूश?"

"अगं, यंत्रातून कविता आली! शास्त्र कुठल्या कुठे गेलं बघ."

"शास्त्र कुठेही जाऊ दे, तुम्ही आधी सालं उचला. तुमच्या पायाखाली आहेत."

सोमवार, २७ जानेवारी

तिसरी ओळ मिळाली.

बाई त्याच खुर्चीत. तब्येत उत्तम असावी, कारण आवाज खणखणीत. त्यांची नणंद त्यांच्याकडेच राहते, ती मागे उभी होती. बोलता बोलता बाईंचा चष्मा घरंगळून खाली पडला. बाई त्याच्याकडे नुसत्या बघत राहिल्या. नणंदेनं लगबगीनं उचलून दिला. काय त्या घरातला मान! हल्ली कुठे राहिलंय असं?

मी विचारलं, "पाठ दुखते का?"

"पाठीची आणि माझी जुनी ओळख आहे. ती तिचं काम करते, मी माझं."

केवढं सुंदर वाक्य! लिहून घेतलं. एवढ्यात नणंद पुढे सरकली. "डॉक्टर, वहिनीच्या पायांना हल्ली..."

"तू चहा टाक," बाई म्हणाल्या.

"अहो पण वहिनी, काल मोरीत..."

"आलं घालून टाक. डॉक्टर, पाठांतराला तयार आहात?"

आणि त्यांनी ती ओळ म्हटली, एक हात हवेत उचलून:

दमून बसता वाट म्हणाली,

मी डोळे मिटले. पाटीवरच्या ओल्या फडक्याचा वास आला, खरंच आला. वाट म्हणाली! काय म्हणाली असेल? बहुधा 'ऊठ' म्हणाली असेल. आमच्या वेळच्या सगळ्या कविता मुलांना उठवायच्याच.

डोळे उघडले तेव्हा चौकट येऊन थांबली होती. पाचवा.

सिस्टर म्हणाल्या, "नणंदबाई काही सांगत होत्या."

"घरगुती असेल. मोरीचं काहीतरी."

सिस्टरांनी फाइल मिटली, जरा जोरातच.

बुधवार, ५ फेब्रुवारी

प्रमुख आज पेढा मिळालेल्या मुलासारखा आला. डॉक्टरांच्या समाधानाचे आकडे निघाले म्हणे. तरुण डॉक्टर सगळे दुसऱ्या-तिसऱ्या चेहऱ्यावर अडलेले आणि मी सगळ्यांत वर. "सर, वीस तारखेच्या बैठकीत तुम्हीच बोला. ज्येष्ठ डॉक्टर इतके समाधानी, म्हणजे बाकीच्यांची तोंडंच बंद."

मी घरी येऊन भाषणाची सुरुवात केली. 'एके काळी पेशंट दारातून येत. आज ते थेट हृदयात येतात.' हिला वाचून दाखवलं.

"हृदयात आले तर त्याला हृदयरोग म्हणतात. तुमचा विभाग वेगळा," ही म्हणाली.

सोमवार, १० फेब्रुवारी

चौथी ओळ मिळाली नाही. मन खट्टू झालं आहे.

बाई जरा ओढल्यासारख्या दिसल्या. उजेड मागून येत होता म्हणून असेल. दाराची घंटा वाजली. पुन्हा वाजली, मग कुणीतरी बोट दाबूनच धरलं. बाई जागच्या हलल्या नाहीत. नणंद बाजारात गेली होती म्हणे. मी म्हटलं, "बघा ना कोण आहे, मी थांबतो."

"डॉक्टरांच्या वेळेपेक्षा दारातला माणूस मोठा का?"

मी अगदी विरघळलो. असा आदर! बाहेरचा माणूस घंटा वाजवून वाजवून गेला.

"आणि चालणं?" मी आठवणीनं विचारलं. मी हे दरवेळी विचारतो, प्रमुखाला सांगितलं पाहिजे.

"चालणं म्हणजे, आयुष्य चाललंय ना, त्याच्या मागून मी."

"वा! आणि ती चौथी ओळ?"

"आज नको. तिला जरा दम लागतो. पुढच्या वेळी."

चौथा चेहरा दाबणार होतो, पण बाईंचा अपमान नको म्हणून पाचवाच.

मंगळवार, ११ फेब्रुवारी, दुपार

अक्षर वाईट येतंय. पण मला न्यायला गाडी येईपर्यंत दुसरं करण्यासारखं काही नाही.

दुपारच्या चहाला हिला कालचं सांगत होतो. बाईंनी तिसरी ओळ कशी म्हटली होती ते करून दाखवावं म्हणून मी उठलो, हात उचलला. ही म्हणाली, "अशी उभ्यानं म्हटली होय?"

"छे, मी उभा आहे. त्या बसूनच म्हणाल्या."

हिनं कप खाली ठेवला. "कविता बसून? मी एकदा बसून म्हटली तर मास्तरांनी तास संपेपर्यंत बाकावर उभं केलं होतं. आणि ही तर बाईच. खुर्चीला शिवत नव्हती ना ती?"

चहा माझ्या तोंडातच राहिला. एकामागून एक ओळ आठवत गेली, यादी म्हणून नव्हे, कविता आठवावी तशी. पाठीशी गरम पिशवी. पडलेला चष्मा. घंटा. मोरीत काहीतरी. चालणं विचारलं की बाई प्रत्येक वेळी मला काय द्यायच्या? ओळ. चौथीतल्या पोराला गोळी द्यावी तशी. आणि मी चघळत बसायचो.

तिथल्या तिथे माझ्याच फोनवरून चेहऱ्याचा फोन लावला. जन्मात पहिल्यांदा सिस्टरांशिवाय लागला. बाई खुर्चीत होत्याच.

"अहो, आज मंगळवार!"

"बाई, चौथी ओळ हवी. आत्ता. पण उभं राहून म्हणा."

त्यांनी गुडघ्यांवरची शाल सारखी केली.

"कविता बसून म्हणत नाहीत, बाई."

त्यांनी खुर्चीच्या हातांवर तळवे टेकले. खांदे वर आले, मान ताठ झाली, आणि बाकी काहीच वर आलं नाही. दोनदा. मग त्या हसल्या. त्या हसण्याला मी चेहरा देऊ शकणार नाही.

"डॉक्टर, आज बसूनच चालवून घ्या."

"केव्हापासून?"

"पाठ महिनाभर. पाय जड व्हायला लागले त्याला तीन आठवडे झाले असतील. नणंदेच्या खांद्याला धरून चार पावलं टाकते. काल तीही जड गेली." मग म्हणाल्या, "तुमच्या पडद्यावर सगळेच बसलेले असतात. मला वाटलं, त्यांत माझं कुणाला कळणार? एकदा तुम्हाला कळलं की तुम्ही चाकाच्या खुर्चीत बसवणार. मी कधी बसले नाही हो."

मागून नणंदेचं रडणं ऐकू आलं. "सांगत होते मी! प्रत्येक वेळी मला चहाला पाठवलं. घरातलं आलं संपलं!"

मी म्हटलं, "बाई, पाठीच्या मणक्यातल्या गाठीचा आतल्या नसांवर दाब येतोय, अशी मला शंका आहे. आज आलात तर पाय बहुतेक वाचतील. उद्याचं मी सांगू शकत नाही. आडवं होऊन यायचं, गाडी पाठवतोय."

"बहुतेक?"

"बहुतेक. खोटं सांगणार नाही."

"ठीक. पण नणंद बरोबर येईल आणि तिला कुणी रागवायचं नाही."

दवाखान्याच्या गाडीला सांगितलं, मणक्याच्या फोटोला सांगितलं, किरणांच्या विभागाला सांगितलं. ही माझे बूट घेऊन दारात उभी आहे. निघतो.

बुधवार, १२ फेब्रुवारी

काल संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या माझ्या खोलीत येरझाऱ्या घालत होतो. दार ते खुर्ची, खुर्ची ते दार. सिस्टर ड्यूटी संपूनही थांबल्या होत्या. फोन वाजला, नणंद होती.

"आलो बघा, दवाखान्याच्या दारात! पण गाडी थांबल्याबरोबर वहिनी उठून बसल्यात. म्हणतात, दारापासून चालत येणार. कुणाचं ऐकेनात!"

मी ओरडलो, "त्यांना म्हणावं, बसा जरा, मी येतो खाली!"

पलीकडे नणंदेनं फोन मोठ्या आवाजावर ठेवला असावा, कारण मला बाईंचं हसू ऐकू आलं. चांगलं लांबलचक, वर्गाबाहेर जाईल असं.

लिफ्ट कुठे थांबते! जिन्यानं उतरलो. बाई गाडीत स्ट्रेचरवर कोपरं टेकून बसल्या होत्या, डोळ्यांत पाणी, ओठांवर हसू.

"काय झालं हसायला?" मी धापा टाकत म्हटलं.

"वृत्त मोडलंत, डॉक्टर. पण ओळ बरोबर आली."

"कुठली ओळ?"

"चौथी." आणि आडव्या होत, छताकडे बघत त्यांनी ती पुरी केली:

दमून बसता वाट म्हणाली,
"बैस जरा, मी येते खाली."

म्हणजे वाट ऊठ म्हणतच नव्हती! इतकी वर्षं मला वाटत होतं, रागावतेय.

दाब होताच. कालच औषध सुरू केलं, आज सकाळी किरणं. पायाची बोटं हलताहेत. चाकाची खुर्ची आणली तेव्हा बाईंनी तिच्याकडे वर्गातल्या व्रात्य पोराकडे बघावं तसं बघितलं आणि बसल्या.

गुरुवार, २० फेब्रुवारी

बैठक झाली. हृदयात येणारे पेशंट मी खोडून टाकले. उभा राहिलो आणि सांगितलं, की ज्या तीन भेटींना मी दात दाखवणारा चेहरा दाबला, त्या तिन्ही भेटींत माझ्यासमोर एका पेशंटचे पाय जात होते. खाली बसलो. प्रमुखाची टाळी अर्ध्यात अडकली.

मग म्हणाला, "सर, म्हणजे पडदा बंद करायचा?"

"अरे, त्याच पडद्यावरून त्यांना मंगळवारी गाठलं. नाहीतर माझा वार सोमवार-बुधवार! बंद नको करू. पण फोन घरच्या माणसाच्या हातात हवा, आणि पेशंट दारापासून खुर्चीपर्यंत चालत यायला हवा. मगच तोंड उघडायचं."

"रांग वाढेल, सर."

"पडद्यात ना? वाढू दे."

या वेळी तो उशिरा हसला. मला बरं वाटलं.

जिन्यात सिस्टर म्हणाल्या, "एक सांगू? दोष यंत्राचा नव्हता. बाई समोर बसल्या असत्या तरी तुम्ही कवितेलाच भुलला असता."

"पण समोर बसायला आधी चालत आल्या असत्या की नाही?"

"आल्या असत्या. आणि मी बघितलं असतं," सिस्टर म्हणाल्या.

सोमवार, १७ मार्च

बाई घरी जाऊन दोन आठवडे झाले. आज पडद्यावरची पहिली भेट.

सकाळी दुकानदारानं गल्ल्याभोवती दोन फेऱ्या मारून दाखवल्या. एक गिऱ्हाईकही त्याच्या मागोमाग चाललं. मग बाईंची वेळ झाली. पडदा उजळला आणि त्यात कुणी नाही. रिकामी उंच पाठीची खुर्ची, मागे उघडं दार, दारातून आलेला उन्हाचा पट्टा. फोन धरणाऱ्या नणंदेचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

सिस्टर म्हणाल्या, "बंद पडलं का?"

"थांबा."

दारात आधी वॉकरचे दोन पाय आले. मग बाई. वॉकर पुढे, मग डावा पाय, मग उजवा. रेघ काही सरळ नव्हती. मध्ये एकदा नणंदेनं "वहिनी" म्हटलं आणि बाईंनी नुसती मान हलवली. खुर्चीपर्यंत किती वेळ लागला ते सांगता येणार नाही. रांग मात्र नक्की वाढली असणार. खुर्चीशी त्या वळल्या, हात टेकले, बसल्या, चष्मा सारखा केला आणि माझ्याकडे बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"डॉक्टर, मला तुमचं नुसतं पोट दिसतंय."

तेव्हा लक्षात आलं. मी उभा होतो. शेजारी सिस्टरही.

"बसा," बाई म्हणाल्या.

आम्ही बसलो.